पावसाळ्यातला पगार

तळोज्याच्या एका कारखान्यात मी पर्सोनेल खात्यात होते. हजेरीपट, रजेचे अर्ज, युनियनची निवेदनं, निवृत्तांचे निरोपसमारंभ. मधेच कधीतरी खात्याचं नाव एचआर झालं. कपाटं आणि माणसं तीच राहिली. पुढे सासरच्या वाडीत, काशीदला, नारळी-पोफळीत खोल्या बांधल्या आणि मी नोकरी सोडून तिथलं बघायला लागले. आठशे माणसांचे पगार काढलेल्या बाईला दहा माणसं म्हणजे किरकोळ, असं घरच्यांना वाटलं. दहा माणसं आठशेंपेक्षा जड असतात. कारखान्यात एक जण आला नाही तर मशीनवर बदली कामगार लागतो. इथे स्वयंपाकघरातली एक बाई आली नाही की नाश्त्याला दहा वाजतात, आणि दुपारपर्यंत पाहुण्यानं ते इंटरनेटवर जगाला कळवलेलं असतं.

काशीद ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: अलिबागहून मुरूडकडे निघालं की रेवदंड्याचा पूल, साळावचा लोखंडाचा कारखाना, कोर्लई, बोर्ली अशी गावं लागतात आणि तीसेक किलोमीटरवर समुद्र एकदम रस्त्याला येऊन भिडतो. दोन डोंगरांच्या मध्ये तीनेक किलोमीटर पांढरी वाळू, सुरूची झाडं, पाठीमागे फणसाडचं अभयारण्य. शनिवारी गाडी लावायला जागा नसते, मंगळवारी चिटपाखरू नसतं. अशा जागी माणसं कशी ठेवावीत, शिकवावीत, टिकवावीत, आणि त्याचा गल्ल्यावर काय परिणाम होतो, याबद्दल मला जे कळलं ते लिहिते. क्रम महत्त्वाचा नाही, पहिला मुद्दा सोडून.

१. मे संपला म्हणून हिशेब करून माणूस घरी पाठवू नका

हंगाम ऑक्टोबर ते मे. जून लागला की समुद्र खवळतो, पाण्यातले खेळ बंद होतात, होड्या वर ओढल्या जातात. किनाऱ्यावरच्या बऱ्याच लॉजांची रीत अशी, की मेच्या शेवटच्या रविवारनंतर माणसाच्या हातात हिशेब द्यायचा आणि ‘पाऊस संपला की ये’ म्हणायचं. पाऊस संपल्यावर मालक फोन लावतो तेव्हा रूमबॉय पनवेलच्या मॉलमध्ये लागलेला असतो, स्वयंपाकी गोव्याला गेलेला असतो, आणि तिसऱ्याचा नंबरच बदललेला असतो. मग दिवाळीच्या तोंडावर जो मिळेल तो घ्यायचा. वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी सगळ्यात कच्च्या माणसांच्या हाती, असा हा उलटा कारभार आहे आणि तो दरवर्षी तितक्याच निष्ठेनं केला जातो.

मी जून ते सप्टेंबर अर्धा पगार आणि जेवण चालू ठेवते. हे सुरू केलं तेव्हा शेजारच्या एका मालकांनी ‘वहिनी, कारखान्याची सवय जाईल हळूहळू’ असा धीर दिला होता. हिशेब मात्र अवघड नाही. समजा चौदा हजारांचा माणूस आहे. चार महिन्यांचा अर्धा पगार अठ्ठावीस हजार. त्या बदल्यात तो अर्धा वेळ देतो. भातलावणीला ज्याचं त्याचं शेत असतं, त्या दिवसांवर मी हक्क सांगत नाही. उरलेल्या दिवसांत भिंतींची बुरशी, खाटांची मोडतोड, पडद्यांची शिलाई, वाडीतली खतं, आणि सप्टेंबरात उघडीप मिळाली की रंग. ही कामं बाहेरच्या माणसाकडून करून घेतली असती तर पैसे लागलेच असते. शिवाय हल्ली भर पावसातही शनिवार-रविवारी भिजायला येणारे वाढलेत.

आता नवीन माणसाचा खर्च. तो आल्या आल्या उचल मागतो आणि पहिल्या महिन्यातच ती घेऊन गायब होऊ शकतो. राहिलाच, तर कुठला व्हॉल्व्ह फिरवला की कुठली टाकी भरते, कोणत्या खोलीचा गीझर आधी दहा मिनिटं लावून ठेवावा लागतो, वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर काय चालवायचं आणि काय नाही, हे कळेपर्यंत डिसेंबर येतो. आणि दरवर्षी येणाऱ्या कुटुंबाच्या आजींना चहा बिनसाखरेचा लागतो, हे त्याला कोण सांगणार? याची नोंद कुठल्याच वहीत नसते. ती जुन्या माणसाच्या डोक्यात असते आणि त्याच्याबरोबर पनवेलला जाते.

यावर मोठा अभ्यास आहे. मार्क ह्युसेलिड या अमेरिकन प्राध्यापकानं १९९५ मध्ये जवळजवळ हजार कंपन्यांची पाहणी प्रसिद्ध केली. निवड, प्रशिक्षण, कामगिरीशी जोडलेला मोबदला, माणसांना कामाची माहिती देणं अशा सगळ्या रीतींचं त्यानं एकत्र माप काढलं. त्या मापावर ठळकपणे वर असलेल्या कंपन्यांत नोकरी सोडण्याचं प्रमाण सुमारे ७ टक्क्यांनी कमी, आणि माणशी वर्षाची विक्री सुमारे २७,००० डॉलरनी जास्त निघाली. त्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो रास्त आहे: जिचं बरं चाललंय तीच कंपनी माणसांवर खर्च करू शकते, मग आधी काय आणि मग काय? कंपन्यांचं मला सांगता येणार नाही. मी अर्धा पगार सुरू केला तेव्हा माझ्या खोल्या भरत नव्हत्या.

२. गावाचं कॅलेंडर आधी, बुकिंगचं नंतर

होळीला लागून शनिवार-रविवार आला की काशीदला पाय ठेवायला जागा नसते. नेमकी तेव्हाच पोरांना सुट्टी हवी. ‘ताई, शिमग्याला मी नाय येणार, आत्ताच सांगून ठेवतोय,’ हे वाक्य मला जानेवारीत ऐकायला मिळतं आणि मला ते आवडतं. न सांगता गेलेल्यापेक्षा सांगून जाणारा कधीही बरा. गणपती, नारळी पौर्णिमा, घरातली हळद, या गोष्टींवर कोकणात मालकाची सत्ता चालत नाही. चालवायला गेलात तर पोरगा आजारी पडतो आणि पालखीत नाचताना दिसतो.

आमच्याकडे वर्षाच्या सुरुवातीला एक मोठा कागद भिंतीवर लागतो. प्रत्येकानं आपले दोन सण त्यावर लिहायचे. त्या दोन दिवसांबद्दल प्रश्न नाही, कपात नाही, तोंड वाकडं करणं नाही. बाकीचे सण वाटून घ्यायचे. ही सोय जमते कारण या किनाऱ्यावर माणसं तऱ्हेतऱ्हेची आहेत. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीतली बाई होळीला आनंदानं येते. तिला पंचवीस डिसेंबर हवा असतो. मुरूडचा ड्रायव्हर दिवाळी सांभाळतो, ईदला त्याची गाडी आगरी मुलगा चालवतो. सगळे एकाच वाडीतले घेतले असते तर एकाच दिवशी कुलूप लावावं लागलं असतं.

आठवड्याची सुट्टी हा तर उपकारही नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात सलग चोवीस तासांची साप्ताहिक सुट्टी लिहिलेली आहे. कायद्यातली माणसांच्या संख्येची अट तुम्हाला लागू होवो वा न होवो, सलग बारा दिवस राबलेल्या माणसाच्या हातून तेराव्या दिवशी पाहुण्याशी भांडण होतंच.

३. घेताना स्वभाव बघा, हात नंतर तयार होतो

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईच्या ताज हॉटेलातल्या कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांना सोडून पळ काढला नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. ते तसे का वागले, याचा शोध रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी घेतला आणि २०११ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त लिहिला. उत्तर शौर्यात कमी आणि भरतीच्या पद्धतीत जास्त सापडलं. पाहुण्याशी थेट संबंध येणाऱ्या कामांसाठी ताज महानगरांपेक्षा लहान शहरांतून मुलं घेत असे. तिथे वडीलधाऱ्यांचा मान, आनंदी वृत्ती, गरज या गोष्टी बघितल्या जात. मग इतर हॉटेलं जिथे वर्षभर शिकवत, तिथे ताज दीड वर्षं शिकवत असे.

ताजचं आणि माझं काय नातं? फक्त एवढंच, की लहान गावातला मुलगा हा नाइलाजानं घ्यायचा माल नव्हे, हे मोठ्यांनाही मान्य आहे. पर्यटनाच्या धंद्यात ‘लोकल नको, युनियन करतात, भाव खातात’ असं बोलायची पद्धत आहे. मला तसा अनुभव नाही. घरी आलेल्याला पाणी विचारायची सवय ज्याला आहे, त्याला ट्रे धरायला आठवड्यात शिकवता येतं. हॉटेलची शाळा करून आलेला, पण स्टेशनवर म्हातारीची पिशवी न उचलणारा मुलगाही मी पाहिला आहे. त्याला काय शिकवायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.

म्हणून मुलाखत मी बसून घेत नाही. वाडीत फिरवते. वाटेत पडलेली झावळी तो बाजूला करतो का, स्वयंपाकघरातल्या काकींना काकी म्हणतो का, ठाऊक नसेल तिथे ‘माहीत नाही’ म्हणतो का, एवढं बघते. शिफारशीनं आलेली माणसं जास्त टिकतात, कारण आणणाऱ्याची अब्रू पणाला लागलेली असते. पण एकाच घरातली तीन माणसं घेऊ नयेत. त्या घरात बारसं असलं तरी तुमचं स्वयंपाकघर बंद पडतं.

४. समुद्र ओळखणाऱ्याचा शब्द शेवटचा

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाचे चौदा विद्यार्थी बुडाले. या पट्ट्यात राहणारं कोणीही तो दिवस विसरलेलं नाही. काशीदचा उतारही फसवा आहे. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला परतीच्या लाटेची ओढ लागते आणि वाळू पायाखालून सरकते.

आमच्याकडे बागकाम करणारा एक कोळी गृहस्थ आहे. शाळा चौथीपर्यंत. पण आज उधाण आहे की भांग, भरती कधी लागते, कुठल्या टोकाला पाण्याला ओढ आहे, हे त्याला घरातून निघतानाच माहीत असतं. हे कौशल्य कुठल्याही बायोडेटात येत नाही, आणि समुद्राकाठच्या हॉटेलात त्याच्याएवढं मोलाचं दुसरं नाही. मी त्याला त्या कामाचा वेगळा भत्ता देते. सकाळी नाश्त्याच्या वेळी तो फळ्यावर भरती-ओहोटी लिहितो आणि पाहुण्यांना स्वतः सांगतो. तो ‘आज नको’ म्हणाला की त्यावर मालकिणीकडेही अपील नाही. एकदा पाहुण्यांचा मोठा घोळका चिडून उठला, पैसे परत मागू लागला. मी पैसे परत दिले. त्या महिन्याच्या कमाईत खड्डा पडला, आणि त्या दिवसापासून बाकीची माणसंही मला खऱ्या गोष्टी सांगायला लागली.

५. अधिकार रुपयांत द्या

याच मुद्द्याचं हे पुढचं टोक. कौशल्य असलेल्या माणसाला दर वेळी ‘ताईंना विचारून सांगतो’ म्हणावं लागत असेल, तर त्या कौशल्याचा पगार तुम्ही फुकट भरताय. रिट्झ-कार्लटन या हॉटेलसाखळीत पाहुण्याची अडचण सोडवायला कर्मचाऱ्याला वरिष्ठांना न विचारता २,००० डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा असल्याचं सर्वश्रुत आहे. काशीदला आम्ही पाचशे रुपयांवर आलो आहोत. मासळी कच्ची राहिली, खोलीत पाणी गेलं, लहान मुलाचा डबा सांडला: जो समोर असेल त्यानं निर्णय घ्यायचा आणि रात्री वहीत लिहायचं.

पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा कोणीच एक रुपया खर्च केला नाही. विश्वासच बसला नव्हता. मग एका मुलानं भीत भीत पाहुण्याच्या बाळासाठी मुरूडहून औषध मागवलं, रिक्षाचे पैसे दिले, आणि रात्री माझ्यासमोर वही धरून आरोपीसारखा उभा राहिला. मी सगळ्यांसमोर त्याचं नाव घेतलं. त्यानंतर वही भरायला लागली. वर्षाचा एकूण खर्च ऐकलात तर हसाल, इतका कमी आहे. आपली माणसं आपल्यापेक्षा काटकसरी असतात.

६. पगार तारखेला

सात तारीख म्हणजे सात तारीख. खोल्या रिकाम्या असोत. याच्यावर जास्त लिहायचं कारण नाही.

७. शिकवणं हे काम आहे, त्याचा वेगळा पगार असतो

तारापूर आणि उंबरगाव परिसरातल्या कापडगिरण्यांवर निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग मला फार शिकवून गेला. गिरण्यांत सुताचे ढीग कुठेही पडलेले, यंत्रं बिघडल्याशिवाय कोणी हात लावत नाही, कुठल्या दोषामुळे किती कापड वाया गेलं याची नोंद नाही. संशोधकांनी काही गिरण्यांना सल्लागारांची मदत फुकट दिली: नोंदी, यंत्रांची वेळेवर देखभाल, साठ्याची मांडणी, चांगल्या कामाला बक्षीस. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. मालकांनी खालच्या व्यवस्थापकांना निर्णयाची मोकळीकही जास्त दिली. २०१३ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला, गाजला.

मला महत्त्वाचा वाटतो तो त्याचा दुसरा भाग, ज्याची चर्चा कमी होते. आठ-नऊ वर्षांनी तीच मंडळी पुन्हा त्या गिरण्यांत गेली. लावून दिलेल्या चांगल्या सवयींपैकी जवळजवळ निम्म्या सुटलेल्या होत्या. मोठं कारण काय, तर व्यवस्थापक बदलले. नवा आला, त्याला त्या वहीचं महत्त्व कोणी सांगितलंच नाही. म्हणजे पद्धत कागदावर राहते असं आपण समजतो. ती राहते माणसात. उरलेल्या निम्म्या टिकल्या हेही खरं, आणि टिकवलेल्या गिरण्या इतरांच्या पुढेच होत्या. पण मला त्या सुटलेल्या निम्म्यांमुळे झोप येत नाही.

म्हणून आमच्याकडे प्रत्येक कामाला दोन माणसं ठरलेली: एक करणारा, एक शिकणारा. करणाऱ्याला शिकवण्याचे महिन्याला जास्तीचे पैसे मिळतात. ते देण्याआधी काय होत होतं? आमच्या स्वयंपाकघरातल्या काकींची तांदळाची भाकरी या पट्ट्यात प्रसिद्ध आहे. उकड किती घट्ट, तिला मळायची कधी, तवा किती तापलेला, सगळं हातात. नव्या मुलीनं विचारलं की ‘बघ आणि शिक’. शिकवून आपली जागा जाईल, ही भीती त्यामागे होती आणि ती खोटी नव्हती. अनेक ठिकाणी तसं होतं. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की दोघींच्या भाकऱ्या सारख्या झाल्या की तुमचा पगार वाढेल आणि दुपारी तुम्ही चुलीसमोर बसायचं नाही. दोन-तीन महिन्यांत पाहुण्यांना फरक कळेनासा झाला. काकी आता मसाले आणि मासळीची खरेदी बघतात. सकाळी बंदरावर सुरमईचा कल्ला उचलून बघणाऱ्या या बाईला कोणीही जुनी मासळी विकू शकत नाही, आणि या एका बदलानं स्वयंपाकघरातली नासाडी जेवढी कमी झाली तेवढी माझ्या कुठल्याच तक्त्यानं झाली नव्हती.

तक्ते आहेतच. खोली तयार करण्याचा तक्ता चित्रांचा आहे, कारण सगळ्यांना वाचता येत नाही. तोही मुलांनीच काढला. कारखान्यात मी इंग्रजी मॅन्युअलं छापून घेतली होती. ती उघडल्याच्या खुणा मला कधी दिसल्या नाहीत.

८. टीप कोणाची?

पाहुणा जाताना ज्याच्या हातात बॅग असते त्याला शंभरची नोट देतो. भांडी घासणारी बाई त्याला दिसलेलीच नसते. इंटरनेटवरच्या कौतुकातही समोरच्यांची नावं येतात, मागच्यांची नाहीत. यातून जी धुसफूस होते ती आधी ताटांच्या आवाजात ऐकू येते. आम्ही पेटी ठेवली. शनिवारी-रविवारी जमलेलं सोमवारी सगळ्यांसमोर मोजायचं आणि सारखं वाटायचं. मुंबईच्या डबेवाल्यांत गटाची कमाई वाटून घेण्याची जुनी पद्धत आहेच. (डबेवाल्यांचं उदाहरण व्यवस्थापनाच्या भाषणांत इतकं घासलं गेलंय, की द्यायचा धीर होत नाही. पण ते खरं आहे, काय करणार.)

समोर काम करणाऱ्या दोघांनी कुरकुर केली. त्यातला एक सोडूनही गेला. चांगला मुलगा होता. प्रत्येक न्याय्य रीतीची अशी काही किंमत असते, आणि ती मी मोजली. वाईट अभिप्रायासाठी दंड मात्र कोणालाही नाही. दंड लावला की तक्रार मिटत नाही, लपते.

९. बाईला स्वयंपाकघराबाहेरचा रस्ता दाखवा, आणि रात्री घरी जायचाही

या किनाऱ्यावर बायका कामाला येतात, पण बहुतेक जागी त्या भांडी, कपडे, भाकरी यांच्यापुढे जात नाहीत. काउंटरवर मुलगाच बसतो. कारण विचारलं तर ‘त्यांनाच नको असतं’. नको असतं, कारण संध्याकाळी सातनंतर एसटीचा भरवसा नसतो आणि सुपेगाव, नांदगावकडे अंधारात पायी जायचं असतं. आम्ही रात्री घरपोच सोडायला गाडी ठेवली. बचत गटाचा हिशेब वर्षानुवर्षं लिहिणारी एक बाई आमच्याकडे चादरी धूत होती. तिला काउंटरवर बसवलं. रोजचा हिशेब तेव्हापासून जुळतो. नुसती गाडी ठेवल्यानं आम्हाला एक हिशेबनीस मिळाली, जी आमच्याच आवारात होती.

जाता जाता: दहा किंवा जास्त माणसं असतील तर २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच. त्याखाली असाल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तिचा पत्ता ऑफिसात न लावता बायका जिथे दिवसभर असतात तिथे, पाण्याच्या पिंपावर लावा.

१०. सगळं केलं तरी पूल पडतो

वरचं सगळं वाचून कोणाला वाटेल, की माणसं नीट ठेवली की धंदा आपोआप चालतो. तसं नाही. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली, आम्ही खूश झालो, आणि आठवडाभरात टाळेबंदी आली. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबाग-मुरूड-श्रीवर्धनच्या पट्ट्यावर आलं. पत्रे उडाले, पिढ्यांच्या पोफळी आडव्या झाल्या, वीज कितीतरी दिवस नव्हती. सावरतोय तोवर जुलै २०२१ च्या पावसात काशीदजवळचा जुना पूल कोसळला. त्यात एक दुचाकीस्वार गेला. अलिबाग-मुरूड रस्ताच तुटला, आणि जंजिऱ्याच्या वाटेवर आमच्याकडे थांबणारे पाहुणे दुसरीकडे वळले. कुठलंही माणसांचं धोरण पूल बांधत नाही. संस्थेच्या कामगिरीत रस्ता, वीज, हवामान यांचा वाटा फार मोठा असतो, आणि एचआरची मंडळी हे बोलायला कचरतात.

पण वादळानंतरच्या सकाळी वाट साफ करत आमच्या आवारात पोचलेली पहिली माणसं आमचीच होती. त्यांची स्वतःची घरं उघडी पडली होती. आधी त्यांच्या घरांवर प्लास्टिक टाकलं, मग खोल्यांकडे वळलो. त्या हंगामात आम्ही शेजाऱ्यांच्या आधी दारं उघडू शकलो, कारण आम्हाला माणसं शोधायची नव्हती. एवढाच फायदा, आणि त्यानं ते वर्ष तारून नेलं.

काशीदला जेट्टीचं काम बरीच वर्षं चाललंय. ती सुरू होईल तेव्हा मुंबईचे पाहुणे वाढतील, मोठी हॉटेलंही येतील, आणि ती सगळ्यात आधी आमचीच शिकलेली माणसं मागतील. जास्त पगारावर कोणी गेलं तर मी अडवणार नाही. शिकवलेला माणूस पुढे जावा, यात वाईट काही नाही. पण जे मालक अजून मेअखेरीला हिशेब करून मोकळे होतात, त्यांनी तेव्हा ‘माणसं मिळत नाहीत’ अशी तक्रार घेऊन माझ्याकडे येऊ नये.

आणि तुम्ही पाहुणे म्हणून येणार असाल, तर फोनवर खोलीचा भाव विचाराच. त्याबरोबर तिथला स्वयंपाकी किती वर्षांपासून आहे आणि पावसाळ्यात तो कुठे असतो, हेही विचारा.